बेपत्ता तरुणीचे अवशेष सापडतात तेव्हा : घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हाडं सापडली आहेत, एका बाईची असावीत' असा फोन येतो. 'हो, ती तुमचीच मुलगी' असं लिहिलेला अहवाल मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने हाती पडतो. या मधल्या काळात घरातली माणसं जे विचारतात, ते इथे घेतलं आहे. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून कलमं दिलेली नाहीत. हाडं, दात आणि डीएनए मात्र सगळीकडे जवळपास सारख्याच पद्धतीने तपासतात. काही उत्तरं वाचायला जड आहेत. झेपेल तेवढंच वाचा, बाकीचं घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचू द्या.

शोधपथकाला हाडं मिळाली आहेत. ती आमच्याच मुलीची आहेत असं समजायचं का?

इतक्यात नाही. पहिल्या दिवशी तपास अधिकाऱ्याला एवढंच ठाऊक असतं की अमुक जागी हाडं मिळाली आणि त्या भागातून कुणीतरी बेपत्ता आहे. या दोन गोष्टींची सांगड बातम्यांमध्ये संध्याकाळपर्यंत घातली जाते. प्रयोगशाळेला त्यासाठी आठवडे लागतात, कधी महिने.

शोध एकीचा आणि सापडतं भलतंच कुणी, असं घडतं. 2021 साली अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एका तरुणीच्या शोधाला अफाट प्रसिद्धी मिळाली. त्या गाजावाजामुळे त्याच राज्यात हरवलेल्या एका पुरुषाबद्दल नवी माहिती पुढे आली आणि त्याचे अवशेष मिळाले. कधी तर हाड माणसाचं नसतंच. कातडी गेलेला अस्वलाचा पंजा माणसाच्या हातासारखा दिसतो आणि त्यात भलेभले फसतात.

म्हणून लेखी काही हाती येईपर्यंत अंत्यविधीची तयारी करू नका आणि लांबच्या नातलगांना कळवत बसू नका. दिलेला निरोप परत घेणं फार जड जातं.

पण कपडे आणि गळ्यातली साखळी तिचीच आहे. आणखी काय हवं?

कपडे मैत्रिणीला दिलेले असू शकतात, बॅग चोरीला गेलेली असू शकते, तसलीच साखळी इतर शंभर जणींकडे असते. अशा वस्तू तपासाला दिशा देतात, शिक्कामोर्तब करत नाहीत.

चेहरा पाहून ओळखण्याचंही तेच. 2006 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉलेजच्या व्हॅनला अपघात झाला आणि सारख्या ठेवणीच्या दोन मुलींची अदलाबदल झाली. एका घराने परक्या मुलीवर अंत्यसंस्कार केले. दुसरं घर पाच आठवडे दवाखान्यात परक्या मुलीच्या उशाशी आपलीच लेक समजून बसलं. ती शुद्धीवर येऊन बोलू लागली तेव्हा उलगडा झाला. तिथे तर चेहरा होता आणि श्वासही चालू होता. धक्क्यात असलेलं मन समोर जे दिसायला हवं तेच पाहतं, त्यात कुणाचा दोष नसतो.

मग ओळख पक्की कशावरून होते?

इंटरपोलच्या मार्गदर्शक नियमांत तीन मुख्य आधार मानले आहेत: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. यांतला एक जरी निर्विवाद जुळला तरी पुरतं. शस्त्रक्रियेत हाडाला बसवलेल्या धातूच्या पट्टीवर क्रमांक असेल आणि तो दवाखान्याच्या नोंदीत सापडला, तर तोही भक्कम आधार ठरतो.

नुसता सांगाडा उरला असेल तर ठसे बहुधा मिळत नाहीत. दात मिळतात. दातांवरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे, तो आगीत आणि पाण्यातही बराच टिकतो. डेंटिस्टकडचा जुना एक्स-रे आणि सापडलेल्या जबड्याचा त्याच कोनातून काढलेला नवा एक्स-रे शेजारीशेजारी ठेवतात. मग भरलेल्या दाढेतल्या सिमेंटची कड कुठे वळली आहे, रूट कॅनलची पांढरी रेघ मुळाच्या टोकाच्या किती अलीकडे थांबली आहे, अक्कलदाढ कोणत्या बाजूला कलली आहे, हे सगळं एकेक करून ताडून पाहतात. मुलगी कधीच डेंटिस्टकडे गेली नसेल, तर ती हसत असतानाचा जवळून काढलेला स्पष्ट फोटोसुद्धा कामाला येतो. पुढचे दात कसे एकमेकांवर आले आहेत, कुठे फट आहे, हे त्यात दिसतं.

एक जागा बऱ्याच जणांना माहीत नसते. भुवयांच्या वर, कपाळाच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांची नागमोडी कड प्रत्येकाची निराळी असते. सर्दी-सायनससाठी कधी काळी डोक्याचा एक्स-रे काढला असेल तर तो शोधून ठेवा.

आम्ही घरून काय द्यायचं?

तिचा टूथब्रश, केस अडकलेला कंगवा, न धुतलेले कपडे. मुळासकट निघालेला केस जास्त उपयोगी असतो, तुटलेल्या केसातून मर्यादित माहितीच मिळते. या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमटपणा धरतो आणि डीएनए खराब होतो. कागदी पाकीट घ्या, प्रत्येक वस्तूला वेगळं. आणि ब्रश खरंच तिचा होता का, याची आधी घरात खात्री करा, कारण बहिणींचे ब्रश एकाच पेल्यात असतात.

आईने कधी जपून ठेवलेला दुधाचा दात, ब्रेसेसच्या वेळी घेतलेला दातांचा साचा, हात मोडला होता तेव्हाचा एक्स-रे, पूर्वी एखाद्या तपासणीसाठी घेतलेला आणि लॅबमध्ये जपलेला पेशींचा नमुना, यांतलं काहीही चालतं. दवाखाने जुन्या नोंदी ठरावीक वर्षांनी काढून टाकतात. म्हणून मुलगी नुकती बेपत्ता झाली असेल तेव्हाच दात आणि एक्स-रेच्या नोंदींच्या प्रती मागून घ्याव्यात. त्या वेळी हे मागणं अशुभ वाटतं, हे कबूल. तरी मागावं.

जे दिलं त्याची पोच घ्या: कोणती वस्तू, कोणाकडे, कधी.

डीएनए कुणाचा लागतो? वडील हयात नाहीत.

आई-वडील दोघांचे नमुने मिळाले तर उत्तमच. गालाच्या आतून कापूस फिरवला की झालं, सुई नसते. एकच पालक असेल तर सख्ख्या भावंडांचे नमुने घेतात. तिला मूल असेल तर त्याचाही नमुना उपयोगी पडतो.

हाड फार जुनं झालं असेल तर पेशीकेंद्रातला डीएनए तुटून गेलेला असतो. तेव्हा मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक घटकांतला डीएनए पाहतात. तो प्रत्येक पेशीत शेकड्यांनी असतो म्हणून टिकून राहण्याची शक्यता जास्त, आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे आई नसेल तर आईची आई, मावशी, सख्खा मामा किंवा मावसबहीण यांचा नमुना चालतो. आत्याचा आणि काकांचा इथे उपयोग नाही. मात्र आईकडच्या सगळ्या माणसांचा हा डीएनए सारखाच असल्यामुळे तो एकटा ओळख पक्की करत नाही. सोबत दुसरा पुरावा लागतो.

मुलगी दत्तक असेल किंवा घरात नात्याबद्दल काही न बोललेलं असेल, तर नमुना देण्याआधी तपास अधिकाऱ्याला एकट्याने गाठून सांगा. अहवालातून ते अचानक बाहेर येण्यापेक्षा हे बरं. त्यांनी असं पूर्वी ऐकलेलं असतं.

एवढा वेळ का लागतो?

हाडातून डीएनए काढणं रक्तातून काढण्याइतकं सोपं नाही. हाड घासून साफ करायचं, त्याचा तुकडा दळून पूड करायची, त्यातलं कॅल्शियम विरघळवायचं, मग डीएनए वेगळा करायचा. ऊन, दमट माती आणि जंतू यांनी तो मोडलेला असतो, त्यामुळे पहिल्या खेपेला काहीच न मिळणं नेहमीचं आहे. मग दुसरं हाड घेतात, बहुतेक दात, मांडीचं हाड किंवा कानाजवळचं कवटीतलं ते सगळ्यात घट्ट हाड. त्यात प्रयोगशाळेपुढची रांग. आठवड्यातून एक ठरलेला दिवस आणि बोलायला एकच माणूस मागून घ्या. रोज चार ठिकाणी फोन केल्याने काम पुढे सरकत नाही, माणूस मात्र झिजतो.

नुसत्या हाडांवरून तरुण मुलगी आहे हे कसं सांगतात?

आधी कमरेचं हाड पाहतात. बाळंतपणासाठी बाईच्या कमरेची चौकट रुंद असते, पुढच्या बाजूला दोन हाडं जुळतात तिथला कोन पसरट असतो, मागची खाच उघडी असते. कवटीवरूनही अंदाज करतात, पण कमर हाती असेल तर कुणी कवटीवर विसंबत नाही.

वयाच्या बाबतीत तरुण हाडं जास्त बोलकी असतात. लांब हाडांची टोकं वाढीच्या वयात वेगळी असतात आणि ठरावीक क्रमाने मुख्य हाडाला सांधली जातात. कमरेच्या हाडाची वरची कड विशीच्या आसपास जुळते. सगळ्यात शेवटी जुळतं ते गळ्याखालच्या कॉलरबोनचं छातीकडचं टोक, तेही पंचविशीनंतर, कधी तिशीच्या तोंडावर. त्या टोकावर अजून फट दिसत असेल, बाकीची हाडं जुळलेली असतील आणि अक्कलदाढ नुकती वर आलेली असेल, तर विशीतली व्यक्ती असं बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येतं. चाळिशीनंतर असा नेमका अंदाज देणं अवघड होतं, कारण मग हाडांची फक्त झीज मोजायची उरते.

उंची मांडीच्या हाडावरून काढतात आणि ती काही सेंटिमीटर मागेपुढे धरूनच सांगतात. नेमका एकच आकडा कुणी दिला तर त्या माणसाला पुन्हा विचारा.

ती कधी गेली, ते कळेल का?

पहिल्या काही दिवसांत किड्यांवरून बऱ्यापैकी कळतं. निळ्या-हिरव्या माश्या तासाभरातही येऊन अंडी घालतात, आणि अळ्या कोणत्या अवस्थेत आहेत यावरून मागचा हिशेब मांडतात. पुढे जसजसा काळ जातो तसतसा अंदाज सैल होत जातो: आठवडे, मग ऋतू, मग वर्षं. ऊन, सावली, पाणी, माती, कपड्यांचे थर, जनावरं, सगळ्यांनी फरक पडतो.

यात नावाजलेले तज्ज्ञही चुकले आहेत. 1977 साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात विल्यम बास या मानववंशशास्त्रज्ञाने एका मृतदेहाचा काळ वर्षाच्या आतला सांगितला. निघाला तो 1864 च्या लढाईत पडलेला लष्करी अधिकारी. देह मसाला भरून लोखंडी पेटीत बंद केलेला होता म्हणून टिकला होता. त्यानंतर बास यांनी दान केलेले देह उघड्यावर ठेवून त्यांचं काय होत जातं याचा अभ्यास करणारं केंद्र नॉक्सव्हिलला सुरू केलं. आज जे अंदाज बांधले जातात त्यांना अशा निरीक्षणांचा आधार आहे.

हाडं आजकालची की फार पूर्वीची, हे ठरवायला आणखी एक साधन आहे. 1950 च्या दशकापासून 1963 पर्यंत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला होता आणि नंतर हळूहळू उतरत गेला. दातात तो कार्बन किती आहे यावरून जन्माचा सुमार काढता येतो.

तिला त्रास झाला असेल का?

हा प्रश्न बहुतेक आया विचारतात, आणि खरं उत्तर अनेकदा 'हाडांवरून सांगता येत नाही' असंच असतं. गळा दाबणं, बुडणं, विषबाधा, थंडीने मृत्यू, यांच्या खुणा सांगाड्यावर राहतीलच असं नाही. गळ्यातलं छोटं कंठास्थी मोडलेलं असेल तर संशय येतो. पण तरुण वयात ते हाड अजून लवचिक असतं, म्हणून ते शाबूत असलं तरी काही सिद्ध होत नाही.

हाड मोडलेलं असेल तर ते जिवंतपणी की नंतर, हे मात्र बऱ्याचदा ओळखता येतं. ताजं हाड वाकून तिरकं फाटतं आणि मोडलेली कड बाकीच्या हाडाच्याच रंगाची होते. वाळलेलं हाड खडूसारखं तुटतं आणि त्याची कड फिकट दिसते. जिवंतपणी मोडून काही दिवस गेले असतील तर कडा गोलसर व्हायला लागलेल्या असतात. जनावरांच्या दातांच्या खुणाही वेगळ्या ओळखू येतात. अहवालात त्यांचा उल्लेख आला की घरच्यांचा थरकाप होतो, पण त्या जवळजवळ नेहमी मृत्यूनंतरच्याच असतात.

अहवालात 'कारण अनिश्चित' असं आलं म्हणजे तपास झाला नाही असा अर्थ होत नाही, आणि घातपात नव्हता असाही होत नाही. बाकीचा पुरावा मग फोन, साक्षी, प्रवासाच्या नोंदी यांतून जमवावा लागतो. शंका राहिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागता येतं. त्यासाठी अंत्यसंस्काराआधी बोला, विशेषतः दहन करणार असाल तर.

कवटीवरून चेहरा घडवतात. तो खरा असतो का?

तो अंदाज असतो, एखाद्याला आठवण व्हावी यासाठी केलेला. नाकाची ठेवण बरीचशी कळते. कानांचा आकार, ओठ, केस यांत कल्पनेचा भाग जास्त.

तरी त्याने काम होतं. 1989 च्या डिसेंबरात वेल्समधल्या कार्डिफ शहरात एका घरामागे खोदताना कामगारांना गालिच्यात गुंडाळलेला सांगाडा मिळाला. मुलगी साधारण पंधरा वर्षांची, मरून काही वर्षं झालेली, नाव-गाव काही नाही. मँचेस्टरच्या रिचर्ड नीव्ह यांनी कवटीवर मातीचा चेहरा घडवला, त्याचे फोटो प्रसिद्ध झाले आणि पूर्वी तिच्याशी संबंध आलेल्या समाजसेवकांनी ती ओळखली. पुढे दातांच्या नोंदी जुळल्या. एरिका हेगलबर्ग आणि अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञांनी हाडातला डीएनए काढून आई-वडिलांशी ताडून पाहिला. खून झालेल्या व्यक्तीची हाडं डीएनएने ओळखण्याचं हे जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण. यातला क्रम लक्षात घ्या: चेहऱ्याने नाव सुचवलं, नाव पक्कं केलं ते दातांनी आणि डीएनएने.

आम्हाला तिला बघता येईल का?

विचारायचा हक्क तुम्हाला आहे आणि 'नको' म्हणायचाही. आधी समोर काय दिसेल ते सांगायला लावा: किती हाडं आहेत, कापड पांघरलेलं असेल का. काही जण फक्त हात ठेवून येतात, काही जण तिच्या वस्तू तेवढ्या पाहतात. घरातल्या एकाने पाहिलं म्हणून सगळ्यांनी पाहायला हवं असं नाही. कुणाला नको असेल तर त्याला भित्रा ठरवू नका.

सगळी हाडं मिळाली नाहीत. थांबायचं की अंत्यसंस्कार करायचे?

मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं असतात. त्यातली हातापायांची बारीक हाडं पाऊस आणि जनावरं दूरवर नेतात. अर्धा सांगाडा मिळाला तरी पुष्कळ मिळालं म्हणायचं.

बॉस्नियात स्रेब्रेनित्साच्या 1995 च्या हत्याकांडानंतर प्रेतं एका खड्ड्यातून काढून दुसरीकडे पुरली गेली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या जागी निघाली. काही घरांनी मिळाली तेवढी हाडं पुरली आणि नंतर आणखी मिळाल्यावर कबर पुन्हा उघडली. काही आया थांबून राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये 2001 च्या हल्ल्यानंतर घरच्यांना विचारून ठेवण्यात आलं की पुढे आणखी काही ओळखलं गेलं तर तुम्हाला कळवायचं की नाही. तुम्हीही हे पहिल्याच भेटीत लिहून द्या. एक हाड मिळालं की एक फोन, असं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर घर सावरत नाही.

आई मानायलाच तयार नाही.

तिच्याशी वाद घालू नका. तज्ज्ञाला विनंती करा की दातांचे दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून तिला दाखवा. टक्केवारीच्या आकड्यापेक्षा तीच मोडकी दाढ दोन्हीकडे दिसणं जास्त पटतं. इतकी वर्षं आस लावून बसलेल्या मनाला एका कागदाने वळवता येत नाही. अमेरिकेतल्या कुटुंब-समुपदेशक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकापासून अशा अधांतरी दुःखाचा अभ्यास केला. माणूस गेलाय की आहे हेच न कळणं घराला गोठवून टाकतं, हे त्यांनी दाखवलं. ते गोठणं अहवाल आल्या दिवशी संपत नाही.

डीएनए जुळला नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

बहुतेकांना तसंच वाटतं. ती दुसऱ्या कुणाची तरी मुलगी आहे, हेही खरंच आहे. तुमचे नमुने बेपत्तांच्या नोंदीत ठेवायला संमती द्या, म्हणजे पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. देशाबाहेरची शक्यता असेल तर इंटरपोलच्या यलो नोटीसबद्दल पोलिसांना विचारा, ती बेपत्ता माणसांसाठी असते. अनोळखी मृतदेहांसाठी ब्लॅक नोटीस असते.

खूप वर्षं गेली. आता काही होईल का?

होतं. 2023 च्या मे महिन्यात इंटरपोलने नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीत सापडलेल्या 22 अनोळखी स्त्रियांची माहिती लोकांपुढे ठेवली. त्यातली एक 1992 साली अँटवर्पच्या एका नदीत मिळाली होती, हातावर फुलाचं गोंदण. ब्रिटनमधल्या तिच्या घरच्यांनी बातमीत ते गोंदण पाहिलं आणि 31 वर्षांनी तिला नाव मिळालं. पुढे ही मोहीम सहा देशांपर्यंत गेली. म्हणून गोंदण, व्रण, जन्मखूण यांचं नेमकं वर्णन तक्रारीत आहे ना, ते आजही तपासून घ्या. 'हातावर टॅटू' एवढ्याने भागत नाही. कोणता हात, कोणतं चित्र, कोणता रंग, हे हवं.

बातमीवाले दारात उभे आहेत.

घरातल्या एकानेच बोलायचं असं ठरवा. फोटो तुम्ही निवडून द्या, नाहीतर सोशल मीडियावरून ते हवा तो उचलतात. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर कित्येक देशांत नाव छापायलाच बंदी असते, ते आधी विचारून घ्या.

फिरताना मला हाड दिसलं तर?

हात लावू नका, उचलून नेऊ नका. शेजारी किल्ली किंवा पेन ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळेल, फोनवर जागा नोंदवा, आल्या वाटेनेच परत जा आणि पोलिसांना कळवा. हाड कुठे आणि कसं पडलं होतं, हा निम्मा पुरावा असतो.

ती कुठे आहे ते सांगतो म्हणून पैसे मागणारे फोन येतात.

पैसे देऊ नका. नंबर जपून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला द्या. दिव्यदृष्टीवाल्यांनाही हेच लागू.

धाकट्या भावाला काय सांगायचं?

ती मेली आहे, असं सरळ शब्दांत. 'झोपली' किंवा 'लांब गेली' म्हटलं की मूल झोपायला घाबरतं किंवा वाट पाहत बसतं. हाडांचा तपशील त्याने विचारला तरच, आणि विचारेल तेवढाच द्या.

ओळख पटल्यावर कागदोपत्री काय करावं लागतं?

मृत्यूचा दाखला घ्या, त्यात तारीख नेमकी नसेल तर 'सापडल्याची तारीख' असा उल्लेख आहे ना ते बघा. माणूस काही वर्षं बेपत्ता राहिला की मृत मानण्याचा नियम कित्येक देशांत आहे, बऱ्याच ठिकाणी सात वर्षांचा. तसा आदेश आधी घेतला असेल तर त्यातली आणि दाखल्यातली तारीख जुळवून घ्यावी लागते, नाहीतर विमा आणि बँक अडवतात. बेपत्तांच्या नोंदीतून तिचं नाव काढायला लावा. घरच्यांचे डीएनए नमुने पुढे ठेवायचे की नष्ट करायचे ते लेखी कळवा. तिच्या वस्तू परत हव्या असतील तर आत्ताच अर्ज द्या, कारण खटला चालला तर त्या निकालापर्यंत अडकून राहतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'शोध' पोस्ट मागे घ्यायला नातलगांना सांगा, आणि फोन करणाऱ्यांसाठी दिलेला नंबर आणखी काही महिने चालू ठेवा, कारण खटल्याला उपयोगी पडेल अशी माहिती कधीकधी तेव्हाच येते.